कड मोडायचं टूल आणि एजंटाने लिहिलेली त्याची माहितीपानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रीकॅड या मोफत थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये कडा मोडण्यासाठी आम्ही बडोद्यात तिघांनी मिळून एक छोटं अ‍ॅड-ऑन लिहिलं. त्याची माहितीपानं मात्र बरीचशी एआय एजंटांकडून लिहून घेतली. तेव्हापासून दोन तऱ्हेचे प्रश्न येतात: टूल असं का वागतं, आणि आम्हालाही आमच्या टूलची पानं एजंटाकडून लिहून घ्यायची आहेत, कशी घेऊ. विचारणारे बहुतेक मकरपुरा जीआयडीसीतले, काही कॉलेजातली मुलं, थोडे थ्रीडी प्रिंटिंगवाले. कुणी ताई म्हणून लिहितं, कुणी बेन म्हणून, दोन्ही चालतं. प्रश्न आले त्याच शब्दांत ठेवलेत, फक्त "अर्जंट आहे" तेवढं काढून टाकलंय.

१. हे टूल नेमकं करतं काय?

तुम्ही कड निवडता, आकडा देता, टूल ती कड कापून तिथे तिरका सपाट काप किंवा गोलाई बसवतं. तिसरा प्रकार वेल्डिंगच्या प्लेटसाठी आहे: खाली रूट फेस (न कापलेली सरळ पट्टी) ठेवून वरचा भाग तिरका कापायचा. खरी भूमिती आम्ही लिहिलेली नाही, ती फ्रीकॅडच्या पोटातलं ओपनकॅस्केड करतं. आमचं टूल म्हणजे त्याच्या दारात बसलेला कारकून. आकडे नीट विचारून घेतो, न जमणारे परत पाठवतो, आणि पन्नास कडा एकदम निवडल्या तर नेमक्या कुठल्या कडेवर गाडी अडली ते सांगतो.

२. बेव्हल, चॅम्फर, फिलेट, नावं तीन पण काम एकच ना?

नाही. कोपऱ्याची धार घालवायला लेथवर किंवा मिलिंगवर जो छोटा तिरका काप घेतात तो चॅम्फर. ड्रॉइंगवर तो २ × ४५° असा येतो, जपानी ड्रॉइंगवर त्यालाच सी २ लिहितात. काप सपाट न ठेवता गोल केला की फिलेट. आणि फॅब्रिकेशनवाल्याच्या तोंडी बेव्हल म्हणजे प्लेटची जाडी तिरकी कापणं, वेल्ड भरायला जागा व्हावी म्हणून.

घोळ वाढवला तो ब्लेंडर या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरने. तिथे या सगळ्यालाच बेव्हल म्हणतात: सेगमेंट एक ठेवला तर चॅम्फर, वाढवत नेले तर गोलाई. इंटरनेटवर ब्लेंडरबद्दल लिहिलेलं प्रचंड आहे आणि एजंट त्यावरच पोसलेला, त्यामुळे बेव्हल म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे ब्लेंडर येतं. परिणाम प्रश्न ९ मध्ये वाचा.

३. एजंट म्हणजे चॅटजीपीटीच ना? वेगळं काय आहे त्यात?

आतलं भाषेचं मॉडेल त्याच जातीचं. फरक आहे तो हातांचा. चॅटमध्ये तुम्ही विचारता, तो आठवणीतून सांगतो. एजंटाला तुम्ही फोल्डर उघडून देता. तो कोड वाचतो, फ्रीकॅड खिडकी न उघडता कमांडवरून चालवतो, ब्लॉक बनवून त्याची कड मोडतो, घनफळ मोजतो, आकडा जुळला नाही की मागे जाऊन पुन्हा बघतो. माहितीपानांच्या कामात हाच फरक महत्त्वाचा आहे. आठवणीतून लिहिलेलं पान आणि चालवून बघून लिहिलेलं पान वाचायला अगदी सारखं लागतं, वापरायला बसलं की वेगळं निघतं.

४. सगळं एजंटच लिहितो, मग माणसाला काम काय उरतं?

पुष्कळ. माहितीपानांचे चार प्रकार मानण्याची एक पद्धत आहे, डायटॅक्सिस नावाची: नवशिक्याला हात धरून नेणारा पाठ, एखादं काम कसं करायचं त्याची कृती, प्रत्येक पर्यायाचा संदर्भ, आणि असं का याचा उलगडा. आमचा अनुभव असा की संदर्भाचं पान एजंट माणसापेक्षा बरं लिहितो. त्याला कंटाळा येत नाही, बत्तिसावा पर्यायही पहिल्याइतक्याच निगुतीने लिहितो. कृती ठीक लिहितो. नवशिक्याच्या पाठात मात्र तो सगळं एकदम सांगून मोकळा होतो, शिकणारा कुठे अडखळेल ते त्याला दिसत नाही. आणि "असं का" हे पान आम्ही त्याला देतच नाही. रूट फेस का ठेवायचा, हे ज्याने बर्न-थ्रू झालेला (वेल्ड करताना आरपार वितळून भोक पडलेला) जॉइंट ग्राइंडरने खरवडून काढलाय त्याने लिहावं.

५. एजंटाला सुरुवातीला काय काय द्यायचं?

थोडकं द्यायचं. फोल्डरच्या मुळाशी एजंट्स डॉट एमडी नावाची एक सूचनांची फाइल ठेवायची आता बऱ्याच ठिकाणी रीत आहे, बहुतेक एजंट ती आधी वाचतात. आमची पहिली फाइल लांबलचक झाली होती आणि एजंट तिचा उत्तरार्ध सोयीस्कर विसरायचा. आता एका पानाची आहे. त्यात फ्रीकॅड कसं चालवायचं ती कमांड, शब्दसूची कुठे आहे (प्रश्न १६), लांबी कायम मिलिमीटरमध्ये, कोन अंशांत, आणि एक वाक्य जे आम्ही ठळक केलंय: जे चालवून पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

सोबत एक नमुन्याचं पान द्या, तुमच्या हाताने लिहिलेलं. दहा नियमांपेक्षा एक चांगलं पान त्याला जास्त शिकवतं. आणि चार-पाच साधी मॉडेलं: एक ठोकळा, एक प्लेट, एक पाइप, एक वेडावाकडा ब्रॅकेट.

६. २ मिमी दिले, पण व्हर्निअरने मोजलं तर काप २.८ च्या आसपास येतो. टूल चुकतंय का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. टूल बरोबर आहे, आमचं जुनं पान चुकीचं होतं. त्यात एजंटाने "रुंदी" असा शब्द लिहिला होता आणि आम्ही तो तसाच जाऊ दिला.

एका कडेच्या कापाला तीन वेगळी मापं असतात. मूळ कडेपासून प्रत्येक पृष्ठावर आपण किती मागे सरकलो, हे पहिलं, त्याला आम्ही सरक म्हणतो. नव्या तिरक्या पृष्ठाची स्वतःची रुंदी, हे दुसरं. आणि मूळ टोकापासून नवं पृष्ठ किती आत गेलं, ती खोली, हे तिसरं. २ × ४५° मधला २ म्हणजे सरक. व्हर्निअरच्या जबड्यात येते ती रुंदी. काटकोनी कडेवर रुंदी म्हणजे सरक गुणिले √२, म्हणून २ ला २.८३. खोली १.४१.

इथवर शाळेतलं आहे. खरी गंमत कड काटकोनी नसते तेव्हा. दोन पृष्ठांमधला कोन ६०° असेल तर २ मिमी सरकेला रुंदी बरोबर २ येते आणि खोली १.७३. कोन १२०° असेल तर रुंदी ३.४६ आणि खोली जेमतेम १. सूत्र सोपं आहे: रुंदी म्हणजे सरकेच्या दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाची ज्या (साइन), खोली म्हणजे सरक गुणिले अर्ध्या कोनाची कोज्या (कोसाइन). म्हणजे एकाच भागावर सगळीकडे "२ मिमी" दिलंत तरी उतरत्या कडांवर काप वेगवेगळा दिसणार, आणि गिऱ्हाईक म्हणणार की काम एकसारखं नाही.

ब्लेंडरने म्हणूनच ऑफसेट, विड्थ, डेप्थ असे वेगळे पर्याय दिलेत. आमच्याकडे फक्त सरक आहे. रुंदी एकसारखी हवी असेल तर वरच्या सूत्राने प्रत्येक कडेची सरक काढून द्या. पानावर आता तिन्ही मापं दाखवणारी आकृती आहे, हाताने काढलेली.

७. मग फिलेटला दिलेली त्रिज्या म्हणजे सरकच का?

काटकोनात हो, योगायोगाने. एरवी नाही. सरक म्हणजे त्रिज्या भागिले अर्ध्या कोनाची टॅन. २ मिमी त्रिज्येला ६०° च्या कडेवर ३.४६ मिमी जागा लागते, १२०° वर १.१५. अरुंद पट्टीवर फिलेट बसत नाही त्याचं कारण पुष्कळदा हेच (प्रश्न १२).

८. वेल्डिंगच्या बेव्हलला ३०° द्यायचे की ६०°? तुमच्याच पानांवर दोन्ही दिसतात.

दोन्ही बरोबर असू शकतात, आणि हाच धोका आहे.

बेव्हलचा कोन मोजतात प्लेटच्या सरळ कापलेल्या तोंडापासून, म्हणजे प्लेटच्या पृष्ठाला लंब असलेल्या रेषेपासून. दोन प्लेट प्रत्येकी ३०° ने कापून समोरासमोर ठेवल्या की मधल्या व्ही खाचेचा कोन ६०°. ड्रॉइंगवर कधी बेव्हलचा कोन असतो, कधी खाचेचा. हा पहिला सापळा.

दुसरा सापळा कॅडचा. अंतर आणि कोन या पद्धतीत कोन मोजला जातो तो तुम्ही ज्या पृष्ठावर अंतर दिलंत त्या पृष्ठापासून. १२ मिमी प्लेट घ्या, २ मिमी रूट फेस. उरले १० मिमी. अंतर तोंडावर १० दिलंत तर कोन ३०°. तोच काप वरच्या पृष्ठावरून सांगायचा तर अंतर ५.७७ आणि कोन ६०°. काप एकच, आकडे पूर्ण वेगळे.

एजंटाने या दोन सापळ्यांचं कडबोळं करून लिहिलं की "६० अंशांच्या खाचेसाठी तोंडावर अंतर द्या आणि कोन ६० ठेवा". वाक्य अगदी गुळगुळीत. मी ते वाचलं होतं, मान डोलावली होती. एका वर्कशॉपने त्याप्रमाणे चार तुकडे कापले आणि खाच १२०° ची झाली. वेल्ड मेटलचं गणित करून बघा: रूट गॅप (दोन प्लेटमधली फट) सोडून खाचेचं क्षेत्रफळ ३०° ला सुमारे ५८ चौरस मिमी, ६०° ला १७३. तिप्पट इलेक्ट्रोड, तिप्पट उष्णता, प्लेट वाकणार ती वेगळीच. तुकडे भंगारात गेले. दोष आमच्या पानाचा होता, पैसे आम्ही दिले.

आता या पानावर प्रत्येक कोनाशेजारी "कशापासून" हे लिहिल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. पाइपवाल्यांसाठी जाता जाता: बट-वेल्डच्या (टोकाला टोक लावून केलेल्या वेल्डच्या) टोकांना एएसएमई बी १६.२५ या अमेरिकन मानकात नेहमीच्या जाडीला ३७.५° येतात, अधिक-उणे २.५°. तोही बेव्हलचाच कोन, खाच ७५° ची होते.

९. एजंट नसलेलं बटण लिहून ठेवतो. काय करावं?

आमच्या पानांवर एकदा "क्लॅम्प ओव्हरलॅप" नावाचा पर्याय उगवला होता, वर्णनासकट. आमच्या टूलमध्ये तो कधीच नव्हता. तो ब्लेंडरचा. एजंट खोटं बोलत नव्हता, सवयीने बोलत होता. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेला माणूस पुण्यात गेला तरी "जमेल का" ऐवजी "फावेल का" म्हणतो तसं.

समजावून उपयोग होत नाही. आम्ही एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: पानावर ठळक अक्षरांत आलेलं प्रत्येक पर्यायाचं नाव कोडमध्ये शोधायचं, सापडलं नाही तर पान नापास. वीस-पंचवीस ओळींची आहे. सगळ्या खटाटोपात एवढी फळाला आलेली दुसरी गोष्ट नाही.

१०. उदाहरणं बरोबर आहेत हे तपासायचं कसं? प्रत्येक वेळी डोळ्यांनी?

डोळ्यांनी नको, डोळे फसतात. अशी उदाहरणं निवडा ज्यांचं उत्तर कागदावर काढता येतं.

आमचं आवडतं: ५० × ४० × ३० मिमीचा ठोकळा, घनफळ ६०,००० घन मिमी. ४० मिमी लांबीची एक कड घ्या, सरक २. निघालेला तुकडा म्हणजे त्रिकोणी पट्टी, अर्धा गुणिले २ गुणिले २ गुणिले ४०, म्हणजे ८०. उरायला हवेत ५९,९२०, आणि पृष्ठं सहाची सात. त्याच कडेवर २ त्रिज्येचा फिलेट केला तर सुमारे ३४.३ घन मिमी निघतं. पानावर हे आकडे छापलेले असतात, आणि कोड बदलला की यंत्र पानावरची सगळी उदाहरणं पुन्हा चालवून आकडे जुळवतं. पायथनमध्ये डॉकटेस्टची सोय आहे, त्याच धाटणीचं.

एक सावधगिरी. आकडा जुळला नाही की एजंटाला कधीकधी पानावरचा आकडाच "दुरुस्त" करायची बुद्धी होते. अपेक्षित आकड्यांची फाइल त्याला फक्त वाचायला द्या, लिहायला नको.

११. स्क्रीनशॉट पण तोच काढतो का?

काढतो, कॅमेऱ्याची जागा स्क्रिप्टमध्ये पक्की केली तर. आकृत्या, बाण, मापाच्या रेषा आम्ही हाताने काढतो.

१२. त्रिज्या थोडी वाढवली की टूल सरळ नकार देतं. आणि मदतीत लिहिलंय "कमी मूल्य द्या". हे काय उत्तर झालं?

नाही झालं, मान्य. एजंटाचं लाडकं वाक्य होतं ते, सगळीकडे चिकटवायचा. आता कारणानुसार लिहिलंय.

नकाराचं बहुतेक वेळा कारण एकच असतं: शेजारचं पृष्ठ खाऊन संपलं. ५ मिमी जाड पट्टीच्या दोन्ही कडांना २.५ त्रिज्या दिली की मधला सपाट भाग शून्य उरतो, आणि शून्य रुंदीचं पृष्ठ ओपनकॅस्केडच्या घशाखाली उतरत नाही. २.४९ द्या, बहुतेक वेळा चालतं. पूर्ण अर्धगोल कड हवी असेल तर फिलेटच्या मागे लागू नका, स्केचमध्येच कमान काढून एक्स्ट्रूड करा (ताणून घन आकार करा).

दुसरं कारण, शेजारी आधीच एखादी छोटी गोलाई आहे आणि नवी तिच्यावर चढतेय. मोठी गोलाई आधी, छोटी नंतर असा क्रम लावून बघा. तिसरं, दोन पृष्ठं जवळजवळ सरळ रेषेत आहेत, कड अशी नावालाच. तिथे मोडायला काही नाही, निवडीतून काढा.

ब्लेंडर अशा वेळी माप गुपचूप कमी करून काम भागवतं. चित्रासाठी ते सोयीचं, सुट्या भागासाठी घातक, म्हणून आम्ही नकार देणं निवडलं.

१३. तीन कडा एका कोपऱ्यात मिळतात तिथे तुमच्याकडे त्रिकोण येतो, मित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टोक येतं. कोण बरोबर?

दोघंही. घनाच्या बाराही कडांना सारखी सरक दिली की कोपऱ्यात काय करायचं याला भूमितीत दोन प्रामाणिक उत्तरं आहेत. तिन्ही तिरकी पृष्ठं लांबवत नेली तर ती एका बिंदूत मिळतात, एकूण पृष्ठं १८. ते टोक छाटून छोटा त्रिकोण बसवला तर २६. हाताने फाइल मारणारा माणूस आपोआप दुसरं करतो, कारण टोक बोटाला लागतं.

पानावर कुठलं ते आकृतीसकट लिहायला हवं. एजंट "कोपरे नीट हाताळले जातात" असं लिहून पुढे गेला होता. "नीट" हा शब्द आता तपासणीच्या स्क्रिप्टमध्ये बंदी असलेल्यांच्या यादीत आहे.

१४. मॉडेलमध्ये एक भोक वाढवलं आणि चॅम्फर भलत्याच कडेवर जाऊन बसला!

जुनं दुखणं आहे. कॅडच्या आत कडांना अनुक्रमांक असतात, एज ५, एज ६, एज ७. आकार बदलला की अनुक्रमांक सरकतात आणि "एज ७" ही आता दुसरीच कड असते. फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, यावर मोठा उपाय आला. पूर्ण गेलं असं नाही, पण पूर्वीइतकं छळत नाही. जुनी आवृत्ती वापरत असाल तर आधी ती बदला. कुठल्याही आवृत्तीत कडा मोडायचं काम मॉडेलच्या झाडाच्या (पायऱ्यांच्या यादीच्या) शेवटी ठेवणं शहाणपणाचं.

पानं लिहिणाऱ्यांसाठी: उदाहरणात "एज ७ निवडा" असं लिहू देऊ नका. "वरच्या पृष्ठाच्या चारही कडा", "झेड अक्षाला समांतर कडा" असं आकारावरून सांगायला लावा. कॅडक्वेरीत (पायथन कोड लिहून मॉडेल बनवायच्या साधनात) निवड याच धर्तीवर करतात, आणि ते वाचणाऱ्यालाही कळतं.

१५. एसटीएल फाइलच्या कडा मोडता येतील का? आणि प्रिंटसाठी खालच्या कडेला काय द्यायचं?

एसटीएलमध्ये नुसते त्रिकोण असतात, खऱ्या कडा नसतात. आमचं टूल तिथे चालत नाही. खऱ्या कडा आणि पृष्ठं जपणारी स्टेप फाइल मागवा. त्रिकोणांच्या जाळीवरच काम करायचं असेल तर ब्लेंडर वापरा, आणि मॉडेल ताणलेलं असेल तर आधी स्केल अप्लाय करा, नाहीतर काप एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक येतो.

प्रिंटच्या तळाला चॅम्फर द्या, फिलेट नको. गोलाई प्रिंटरच्या पाटाला स्पर्शून जवळजवळ आडवी सुरू होते, पहिले थर हवेत लोंबतात. ४५° चा काप आधाराशिवाय उतरतो.

१६. मराठीत कशाला? इंग्रजीत सगळ्यांना कळतं की.

सगळ्यांना नाही. ऑपरेटरला इंग्रजी बटणं पाठ असतात, पण बटणाखालची चार वाक्यं तो वाचत नाही, शेजारच्याला विचारतो. शेजारच्याला चुकीचं माहीत असतं. शिवाय या गावाला ही खोड जुनी आहे. १८९० साली सयाजीरावांच्या काळात कलाभवन निघालं. तिथले त्रिभुवनदास गज्जर तांत्रिक शिक्षण आपल्या भाषांत व्हावं म्हणून खपत होते. पुढे १९३१ साली संस्थानाने कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, हिंदी, संस्कृत असे प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडणारा कोशही काढला. आमची शब्दसूची त्या मानाने चिमुकली, ऐंशीएक शब्दांची.

ती करावी लागली कारण एजंटाची मराठी. पहिल्या मसुद्यात "प्रवणित किनार" असा शब्द होता. वाचून आमचा एक फिटर म्हणाला, साडीबद्दल चाललंय का? काठ, किनार, धार, कड हे चारही शब्द एजंटाला एकच वाटतात. आपल्याला वाटत नाहीत. काठ नदीला आणि लुगड्याला, किनार शालूला, धार सुरीला, कड टेबलाला. म्हणून सूचीत कड. "धार" फक्त जिथे हात कापेल तिथे, जसं "धार मोडा". चॅम्फर, फिलेट, रूट फेस, बर (कापल्यावर कडेला राहणारी धातूची बारीक कोर) हे तसेच ठेवले, कारण शॉपवर तेच बोलतात.

१७. गुजराती आवृत्ती मराठीवरून करून घेतली तर चालेल?

चालवून पाहिली, नको. मराठीतली चूक गुजरातीत जाते आणि वर भाषांतराची नवी चढते. दोन्ही भाषांची पानं कोड आणि शब्दसूचीवरून स्वतंत्र लिहून घेतो, आकडे एकाच फाइलमधून येतात.

१८. एक एजंट लिहितो, दुसरा तपासतो. एवढं केलं की पुरे ना?

दुसऱ्याला काय दाखवता त्यावर आहे. त्याला पहिल्याचं पान आणि कोड दोन्ही दिलंत तर तो बहुतेक "छान आहे" म्हणतो. आम्ही दुसऱ्याला फक्त पान देतो, कोड लपवतो, आणि सांगतो की यात लिहिलंय तेवढंच करून ठोकळ्याची कड मोडून दाखव. जिथे तो अडतो तिथे पानात पायरी गळलेली असते. या कामाला तो फार चांगला आहे.

पण प्रश्न ८ मधलं ६०° चं वाक्य दोन्ही एजंटांनी पास केलं होतं. एकाच शाळेतले दोन विद्यार्थी, एकच चुकीचं उत्तर. दुसऱ्याने तर पायऱ्या बिनचूक केल्या, खाच १२०° ची झाली आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. वेल्डिंगची पानं आता निवृत्त झालेले एक वेल्डिंग सुपरवायझर काका वाचतात, प्रिंट काढून, लाल पेनने. त्यांना स्क्रीन चालत नाही.

१९. गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग उदाहरण म्हणून एजंटाला देऊ का?

देऊ नका. फाइल बाहेरच्या सर्व्हरवर जाते, आणि ड्रॉइंग तुमचं नाही. अडचण तेवढी उचलून साध्या ठोकळ्यावर किंवा ब्रॅकेटवर पुन्हा उभी करा, बहुधा जमतं. जमतच नसेल तर आपल्याच संगणकावर चालणारं मॉडेल वापरा, संथ असतं पण फाइल घरात राहते.

२०. टूलची नवी आवृत्ती आली की पानं शिळी होतात, त्याचं काय?

कोडचा बदल आणि पानाचा बदल एकाच वेळी आत घ्यायचा, वेगळा नाही. एजंटाला "काय बदललं" तेवढं दाखवून कुठली पानं हलतात ते शोधायला लावा. पूर्ण पान पुन्हा लिहायला सांगू नका. तो चांगली वाक्यंही बदलतो आणि मग लाल पेनवाल्या काकांना सगळं पहिल्यापासून वाचावं लागतं.

२१. पानात चूक सापडली, कशी कळवू?

फ्रीकॅडची आणि टूलची आवृत्ती, कुठल्या पानावरचं कुठलं वाक्य, तुम्ही दिलेला आकडा आणि प्रत्यक्ष आलेला आकडा. मॉडेल पाठवता आलं तर स्टेपमध्ये, प्रश्न १९ ची आठवण ठेवून. मोजमापाचा फोटो असेल तर व्हर्निअरचा आकडा दिसेल असा, आणि जबडा कापाच्या रुंदीवर लावलाय की सरकेवर, ते सोबत लिहा.